त्रेसष्ट मुलगे

माघ वद्य पंचमी
(तुमच्या कचेरीच्या भाषेत फरवर्दी १३५५ फसली)

प्रिय बसू,

तुझं पत्र परवा लोहाऱ्याच्या बाजाराहून परतणाऱ्या गाडीवानानं आणून दिलं. सोबतचा जबाबाचा कागदही मिळाला. सुबक उर्दूत लिहिलेला, खाली माझ्या सहीसाठी पेन्सिलीनं फुली मारलेली. तू लिहितोस, अक्का, वाचत बसू नकोस, फुलीवर सही कर आणि उलट टपाली धाड. बाळा, तू अलिफ-बे गिरवायचास तेव्हा शेजारी तांदूळ निवडत कोण बसायचं? तुझ्याबरोबर मीही ती अक्षरं शिकले, हे तू विसरलास. म्हणून मी तो कागद वाचला, दोनदा वाचला. मी सही करणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र तू जीव टांगणीला न लावता वाचशील. लावून वाचायचं असेल तर तसं वाच, तुझी मर्जी.

इकडं सगळं ठीक आहे. शाळूची काढणी सुरू झालीय, त्यामुळं दिवसा गावात माणूस सापडत नाही. लढाई संपून सहा महिने झाले तरी रॉकेल आणि कापड अजून चिठ्ठीवरच मिळतं. बाळंतिणीसाठी जुनेर मागायला जावं तर घरातल्या बाईनं तेच नेसलेलं असतं. शुक्रवारी सास्तूरला तुझ्या सासुरवाडीला जाऊन प्रेमाला भेटून आले. ती बरी आहे, अंगानं भरलीय. तुझी शिवम्मा आता सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत जाते, खालचे दोन दात आलेत आणि हातात सापडेल ते चावते. आईचं नाव ठेवलंय, पण आईचा शांत स्वभाव काही घेतलेला दिसत नाही, माझ्यावर गेलीय. आठ महिने झाले तरी तुला धाराशिवात खोली मिळेना म्हणतोस. प्रेमानं ते ऐकून शिवम्माला मांडीवर घेतलं. तिच्या आईनं मात्र चहा जरा जोरात आदळला.

आता जबाबाकडं येते. त्यात असं लिहिलंय की सात गावच्या सात सुइणी अडाणी आणि लोभी. इनामाच्या हावेनं त्यांनी मुली झाल्या तरी मुलगे झाले अशी खोटी वर्दी दिली, आणि मी, शिवकांताबाई, दवाखान्याची नर्स, भोळेपणानं तसंच वहीत लिहीत गेले. म्हणून सातही जणींना कामावरून काढावं आणि जादा गेलेलं इनाम वसूल करावं. मला मात्र कायम करावं, आणि माझ्या अठराचे पंचवीस करावेत. पत्राच्या तळाशी तू बारीक अक्षरात आणखी एक कळवलंयस, की मंजूर झालेलं चांदीचं पदकही मला मिळेल, ते परत घेणार नाहीत. वा रे वा! सात जणींच्या पोटावर पाय द्यायचा आणि वर पदक मिरवायचं. तुझी अक्का तुला एवढी स्वस्त कधीपासून वाटायला लागली?

चौकशी लागल्यापासून तीन महिने त्यांची तनखा अडकवून ठेवलीय. तुमच्या कचेरीला ते महिना दोन रुपये म्हणजे काहीच वाटत नसतील. इरम्मानं शेळी विकली. बानूबाई साठीला आली, ती आता दुसऱ्याच्या रानात कणसं खुडायला जाते आणि संध्याकाळी ठणकणारे हात घेऊन बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालते. तरी एकीनंही काम सोडलेलं नाही. बोलावणं आलं की जातात. तनखा नाही म्हणून आज कुणी जन्माला यायचं थांबणार आहे का, असं धुरपदाबाई मला म्हणाली. मला तिच्या तोंडाकडं बघवलं नाही.

तू योजना करायला आलास तो दिवस मला पाठ आहे. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. नवे बूट घालून तू बैलगाडीतून उतरलास आणि मला वाटलं, आपला बसू कचेरीत अहलकार झाला, साहेबांच्या हाताखालचा कारकून, हे आईनं बघायला हवं होतं. दवाखान्याच्या ओसरीवर चटई टाकून तू बसलास आणि सातही जणींना समोर बसवलंस. सरकार आता तुम्हांला दरमहा तनखा देणार आणि वर प्रत्येक बाळंतपणाला इनाम देणार, असं तू सांगितलंस, तेव्हा त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. बानूबाई म्हणाली, "आमाला सरकार वळखतंय व्हय? लई झालं." मग तू कागद-पेन्सिल काढून विचारलंस, सध्या लोक तुम्हांला काय देतात? त्यांनी खरं ते सांगितलं. मुलगा झाला तर लुगडं, खण, नारळ, पायलीभर ज्वारी आणि घर बरं असेल तर रुपया. मुलगी झाली तर निम्मं. कुठं निम्मंही नाही, नुसता खण. तू मान हलवत सगळं उतरवून घेतलंस. मी आत सुया उकळत होते, मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. मला वाटलं, पोरगा माहिती गोळा करतोय. त्याच माहितीची तू जशीच्या तशी योजना करशील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. हातातलं काम टाकून मी तेव्हाच बाहेर यायला हवं होतं. तेवढी चूक माझी, ती मी कबूल करते.

संक्रांतीला योजनेचा कागद आला. तनखा महिना दोन रुपये. तीन दिवसांत दवाखान्यात वर्दी दिली तर इनाम, मुलाला एक रुपया, मुलीला आठ आणे. शेवटी मोठ्या दिमाखात लिहिलेलं, ही आकारणी स्थानिक चालीरीतीस धरून केलेली आहे. तू मला वेगळं पत्र लिहिलंस की मोठे साहेब फार खूष झाले, लोकांच्या चालीरीतींचा असा विचार आजवर कुणी केला नव्हता म्हणाले, शिवाय खर्चही वाचला. मी तेव्हाच तुला उलट लिहिलं होतं की बाबा रे, मुलगा असो की मुलगी, सुईण तेवढेच कोस चालते, तेवढंच पाणी तापवते, तेवढीच पाठ मोडून बसते. तुझं उत्तर अजून माझ्या पेटीत आहे. अक्का, ही इथली चालरीत आहे, ती बदलणारा मी कोण?

चालरीत! बसू, आपल्या घरात बाळ जन्मलं की जंगम येतात, बाळाला विभूती लावतात, लिंग बांधतात. मुलगा आहे की मुलगी, हे ते विचारतात का? मुलीला अर्धं लिंग बांधतात का? की दक्षिणा आठ आणेच घेतात? तुझ्या गळ्यात आहे तेच माझ्या गळ्यात आहे. ही पण इथलीच चालरीत ना? मग ही का नाही उतरवून घेतलीस? चालीरीतींतलं सरकारला परवडेल तेवढं वेचून घ्यायचं आणि त्याला लोकांचं नाव द्यायचं, हे तुम्हांला कचेरीत शिकवतात की तुझं तूच शिकलास?

बरं, तो कागद नुसता अन्यायाचा असता तर मीही बाकीच्यांसारखी चडफडून गप्प बसले असते. अठरा रुपयांत मी तेच काम करते, ज्याच्या निम्म्या कामाला कंपाउंडरला पस्तीस मिळतात, ते मी सात वर्षं सोसलंच ना. पण त्या कागदानं माणसं बिघडवली. आपल्याकडं म्हाताऱ्या बायका पोटुशीच्या चालण्यावरून, पोटाच्या आकारावरून, डोहाळ्यांवरून सांगतात, हिला मुलगा होणार, हिला मुलगी. अर्धं खरं निघतं, अर्धं खोटं, आणि सगळे त्यावर विश्वास ठेवतात. आधी सुइणींना त्याचं काही नव्हतं, ज्या घरचं बोलावणं पहिलं येईल तिथं त्या जायच्या. आता एकाच दिवशी दोन घरांतून बोलावणं आलं की मुलगा सांगितलेल्या घराकडं पाय आधी वळायला लागले. त्यांना दोष देऊ नकोस. घरात जिला आठ आण्यांचं मीठ-तेल महिनाभर पुरवायचं असतं, तिला विचार.

वैशाखात धुरपदाबाईला एकाच सकाळी दोन निरोप आले. एक पाटलाच्या सुनेचा, तिला मुलगा होणार असं सगळे सांगत होते. दुसरा नदीकडच्या वस्तीवरच्या सत्यभामेचा. तिला आधीच्या तीन मुली होत्या आणि चौथीही मुलगीच होणार असं सगळी वस्ती म्हणत होती. धुरपदाबाई आधी पाटलाकडं गेली. तिकडचं आटोपून वस्तीवर पोचली तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. मला बोलावणं आलं, मी गाडी पळवत गेले. मूल झालं होतं, रक्त थांबत नव्हतं. जे येत होतं ते सगळं करून बघितलं. सत्यभामा शुद्धीवर होती, मोठ्या मुलीला म्हणत होती, चुलीवर भाकरी करपतीय बघ. आणि तशीच गेली. मूल जगलं, मुलगी झाली होती. पाटलाकडंही मुलगीच झाली होती, म्हणजे सगळी पळापळ आठ आण्यांचीच.

दुसऱ्या दिवशी धुरपदाबाई दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली ती दुपारपर्यंत हलली नाही. म्हणाली, "म्या रुपयापायी गेले न्हवं का तिकडं. माझ्या हातानं इतकी लेकरं झाली, असं म्या कवा केलं न्हाय." मी तिला काय सांगणार होते? तुझी चूक नाही म्हटलं तर खोटं होतं, आणि तुझीच चूक म्हटलं तर त्याहून खोटं होतं. मी तुमच्या कचेरीला अर्ज केला, डॉक्टरांची सही घेऊन केला. इनाम सरसकट सारखं करा, नाहीतर बंद करा. महिन्यानं उत्तर आलं. योजना अंमलात येऊन सहा महिनेही झाले नाहीत, एवढ्यात फेरविचार करता येत नाही. खाली सही साहेबांची होती, पण अक्षर तुझं होतं. तुझं अक्षर मी ओळखणार नाही का, मीच हात धरून वळवलेलं आहे.

मग ज्येष्ठात मी सातही जणींना बोलावून सांगितलं, आजपासून माझ्या वहीत मुलगी जन्माला येणार नाही. तुम्ही खरं तेच सांगायचं, मुलगा तर मुलगा, मुलगी तर मुलगी. लिहिणारी मी आहे. इनाम सगळ्यांना रुपया. जिचं बोलावणं आधी येईल तिच्याकडं आधी जायचं, मग तिच्या पोटात काय आहे म्हणून लोक काहीही सांगोत. त्या घाबरल्या. इरम्मा म्हणाली, "अव्वा, सरकारी वहीत खोटं लिवनं बरं न्हाय. तुमची नोकरी जाईल की." मी म्हटलं, नोकरीचं मी बघते. तेव्हा ऐक बसू, तुझ्या जबाबात तू लिहिलंस त्याच्या बरोबर उलट घडलंय. त्या सात जणींनी मला एकदाही खोटी वर्दी दिली नाही. अडाणी बायकांनी खरं सांगितलं आणि शिकलेल्या बाईनं खोटं लिहिलं. पूर्ण शुद्धीत, चांगल्या शाईनं आणि वळणदार अक्षरात लिहिलं.

सहा महिन्यांत त्रेसष्ट बाळंतपणं झाली. त्रेसष्ट मुलगे! मला वाटलं, दुसऱ्याच महिन्यात कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, न बघता सही ठोकतात. कचेरीला नावं जात नाहीत, नुसते आकडे जातात, आणि आकडे बघून तुम्ही लोक हरखून गेलात. दसऱ्याला तुझंच पत्र आलं होतं. इनाम सुरू केल्यापासून तुमच्या भागात मुलग्यांचं प्रमाण लक्षणीय वाढलं, असं वार्षिक अहवालात घातलंय म्हणे, आणि हीच योजना दुसऱ्या तालुक्यांत लावायचा विचार आहे म्हणे. मी ते सुइणींना वाचून दाखवलं. बानूबाई पदर तोंडात कोंबून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. म्हणाली, "रुपया ठिवला की पोरगा व्हतोय, दोन ठिवले तर जुळं व्हतील का इचारा की सायबाला." पदकसुद्धा त्याच आनंदात मंजूर झालं. बसू, तू लहानपणी एवढा हुशार होतास रे. एका माणसाला तरी वाटायला नको होतं का, की या त्रेसष्टांनी पुढं लग्नं कुणाशी करायची?

शेवटी देवी टोचणारा आला तेव्हा बिंग फुटलं. वहीवरून मुलगा शोधायला जावं तर झबल्यातली मुलगी पुढं यायची. त्या बिचाऱ्यानं आधी स्वतःच्याच डोळ्यांवर संशय घेतला, मग वर कळवलं. तिथून ही चौकशी, आणि चौकशीचं काम नेमकं तुझ्याकडं. त्रेसष्टांत तेहेतीस मुली होत्या. तेहेतीस गुणिले आठ आणे, साडेसोळा रुपये, तेही हाली शिक्क्याचे, इंग्रजी रुपयाहून हलके. एवढ्या अफरातफरीसाठी तुमच्या कचेरीचे दोन चपराशी आणि एक टांगा महिनाभर फिरतोय. त्यातला एक पैसा माझ्या हाती आलेला नाही. आला असता तरी मी मान खाली घातली नसती. आणि हेही लिहून ठेव, की त्या सहा महिन्यांत या सात गावांत एकही बाळंतीण दगावली नाही. वाढीव आठ आण्यांमुळंच असं झालं, असं मी म्हणणार नाही, बाळंतपणात कशाचा भरवसा नसतो. पण एकही सुईण पोट बघून थांबली नाही, एवढं मी शपथेवर सांगते. वहीतली नोंद खोडून नीट करता येते. सत्यभामेचं काय नीट करता येणार आहे?

तू घाबरलायस हे मला कळतं. तुझ्या पत्रात तीन ठिकाणी 'माझी पण अडचण समजून घे' असं आहे. समजते रे. योजना तुझी, चौकशीही तुझ्याच हाती, बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावर. सात सुइणी खोटारड्या ठरल्या की योजना चांगली, अंमल वाईट, असं म्हणून तू मोकळा होतोस. मी तुझ्यावर रागावलेय, खूप रागावलेय, पण तू वाईट आहेस असं मला वाटत नाही. सतराव्या वर्षी कपाळ पुसून घरी आले तेव्हा सगळ्या गावात माझ्या ताटात बसून जेवणारा तू एकटाच होतास, सात वर्षांचा. तेव्हा तुला कुणी सांगितलं होतं की चालरीत मोडू नये? तरी मोडलीस. सोलापूरला शिकायला निघाले तेव्हा काका वाटेत आडवे पडायला निघाले होते, आणि तू माझी पिशवी घेऊन गाडीच्या मागं पळत आलास. मी तुझ्या फीचे पैसे पाठवले ते त्याची परतफेड म्हणून नव्हे, माझा जीव होता तुझ्यावर म्हणून. अजून आहे. म्हणून तर एवढं बोलते, दुसऱ्या कुणा अहलकाराशी मी चार ओळींत बोलणं संपवलं असतं.

तू विचारशील, नुसती नावं ठेवतेस, मग तू असतीस तर काय केलं असतंस? ऐक तर. मी आधी सुइणींना विचारलं असतं, पण लोक काय देतात हे नव्हे, तुम्हांला किती लागतं हे. महिना पाच रुपये नक्की द्या, म्हणजे कुणाच्या ओटीकडं बघायची वेळच येणार नाही. मूल जन्मल्याचं इनाम देऊच नका. इनाम द्यायचंच असेल तर सव्वा महिन्यानं द्या, बाळंतीण स्वतःच्या पायानं आडावर पाणी भरायला गेली की, आणि मुलगा का मुलगी हा रकाना त्या कागदावर ठेवूच नका. मूल मेलेलं जन्मलं तरी सुइणीचे कष्ट तेवढेच धरा, जास्तच धरा, कारण त्या घरात तिला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. दोन कोसांच्या पुढं जायचं तर गाडीभाडं. इरम्माचे हात आता थरथरतात, तिला आणि तिच्यासारख्यांना घरी बसून काहीतरी मिळायला हवं, नाहीतर ती थरथरत्या हातांनीच नाळ कापत राहील. आणि माझा पगार कंपाउंडरएवढा करा. हे मी शेवटी सांगतेय, पण लाजत नाही. पदक तुमच्याजवळच ठेवा, साडेसोळा रुपयांची वसुली त्यातून होऊन वर काही उरेल.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. हाच माझा जबाब आहे. यातला घरगुती भाग गाळून, अर्ज आणि योजनेचं सगळं ठेवून, मी त्याची उर्दू नक्कल केलीय. जबाबदारी माझी, वसुली माझ्याकडून करा आणि सात जणींची अडकवलेली तनखा ताबडतोब द्या, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. ती नक्कल थेट मोठ्या साहेबांना रजिस्टर टपालानं जाणार आहे. खरं तर आजच गेली असती. पण मंगळवारी चपराशी वही न्यायला येणार आहे, आणि त्या वहीतली पहिली खोटी नोंद तू अजून बघितलेली नाहीस. आठव, ज्येष्ठातली एकादशी, सास्तूर. इरम्मानं दीड दिवस प्रेमाच्या पाठीला हात लावून काढला होता. तिसऱ्या दिवशी तू आलास, पाळण्यात डोकावलंस, आणि बाहेर येऊन इरम्माच्या हातावर आठ आणे ठेवलेस. तिनं ते कपाळाला लावले. मी दारातच उभी होते. त्याच दुपारी दवाखान्यात येऊन मी लिहिलं, बाप बसवराज, आई प्रेमा, मुलगा. तुझ्या कचेरीतलं दुसरं कुणी ती ओळ वाचेल तेव्हा त्याला वाटेल, अहलकार बहिणीला सामील होता. म्हणून मी नक्कल सोमवारपर्यंत थांबवलीय. हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल, त्यानंतरचे तीन दिवस तुझे आहेत. साहेबांसमोर उभा राहा आणि सांग, त्रेसष्टांतली पहिली मुलगी माझी आहे, आणि मीच तिची किंमत आठ आणे लावली होती.

खूप आशीर्वाद.

तुझीच,
शिवकांता अक्का